मोबाईल स्टार्टरचा बोर्ड आपल्याच शेडमध्ये बनवायचा तर काय काय बदलतं?

फिरता_फेज
जळगाव, भुसावळ, धुळे या पट्ट्यात शेतातल्या पंपांचे मोटार स्टार्टर आणि पॅनल बनवणाऱ्या छोट्या शेड बऱ्याच आहेत. पत्र्याचा डबा, कॉन्टॅक्टर, ओव्हरलोड रिले, अँपिअर मीटर. जोडणी झाली की दिव्यावर तपासायचं आणि खोक्यात भरायचं. आता रावेर-यावल-चोपड्याचा शेतकरी दुकानात आला की किंमत विचारायच्या आधी विचारतो, "मोबाईलवर चालतो का?" आजवर बहुतेक जण तयार मोबाईल मॉड्यूल आणून डब्यात बसवतात. तो बोर्ड स्वतःच बनवायचा, तर शेडमध्ये नेमकं काय बदलावं लागेल, ते इथे लिहावं.

हिशेबाला सोपं जावं म्हणून गृहीत धरा: महिन्याला ५०० नग, ईएसपी३२ मॉड्यूल (वायफायवाली छोटी कंट्रोलर चिप), सोबत ४जी मॉड्यूल, तीन फेजचं व्होल्टेज मोजणं, दोन सीटी (मोटारीचा प्रवाह मोजणारे करंट ट्रान्सफॉर्मर), चालू-बंदसाठी दोन रिले. पिक अँड प्लेस मशीन (बोर्डावर बारीक भाग आपोआप बसवणारं) घ्यावं की बाहेरून जॉबवर्क करून घ्यावं हा एक प्रश्न. आणि पहिल्या लॉटला कुठे माती खातात, हा दुसरा.

रोहित्र
मशीन नंतर बघू. पहिली माती पॉवर सप्लायला खातात.

विहिरीवर न्यूट्रल गृहीत धरूच नये. डीपीवरून तीनच तारा आलेल्या असतात, निदान स्टार्टरपर्यंत तरी तीनच. म्हणजे बोर्डाचा सप्लाय दोन फेजांमध्ये, ४१५ व्होल्टवर बसणार. बाजारात सहज मिळणारी ५ व्होल्ट ३ वॅटची पांढरी-काळी सप्लाय मॉड्यूल १०० ते २४० व्होल्टची असतात. शेडमध्ये टेबलावर २३० वर ती झकास चालतात आणि शेतात पहिल्याच दिवशी फुटतात.

४१५ चं रेक्टिफाय केलेलं डीसी ५८७ व्होल्ट होतं. रात्री भार उतरला की लाईन ४६० पर्यंत चढते असं धरून चाला, म्हणजे ६५० डीसी. ४०० व्होल्टचे दोन कॅपॅसिटर एकावर एक सिरीजमध्ये, आणि प्रत्येकाला समांतर सारख्या किमतीचा बॅलन्सिंग रेझिस्टर. तो विसरला की ज्या कॅपॅसिटरची गळती कमी त्याच्यावर जास्त व्होल्टेज चढतं आणि तोच फुगतो. फ्लायबॅकचा, म्हणजे सप्लाय सर्किटमधला स्विचिंग मॉस्फेट १००० व्होल्टच्या आतला नको.

एमओव्हीचंही (व्होल्टेजचा झटका पिणाऱ्या भागाचंही) तेच. २३० च्या डिझाइनवरून उचललेला १४डी४७१ दोन फेजांमध्ये टाकतात. त्याची एसी मर्यादा ३०० व्होल्टची. ४१५ वर तो सर्ज अडवत नाही, स्वतःच जळतो. तिथे १४डी८२१ लागतो, त्याची मर्यादा ५१० व्होल्ट एसी. आणि त्याच्या आधी फ्यूज किंवा फ्यूजिबल रेझिस्टर हवाच. नसला तर एमओव्ही शॉर्ट झाला की बोर्डाचा कोपरा काळा.

असोद्याचा_भो
बरोबर शे भो. ह्याला जोडून एक जिवावरची गोष्ट. व्होल्टेज मोजायला बरेच जण सरळ रेझिस्टरची साखळी लावतात. १२०६ साइजच्या एका रेझिस्टरची मर्यादा २०० व्होल्ट, म्हणून एका फेजला चार-चार सिरीजमध्ये, इथवर ठीक. पण अशा बोर्डाचा ग्राउंड लाईनशी जोडलेला असतो, आणि ४जी अँटेनाच्या सॉकेटची पितळी बॉडी त्याच ग्राउंडला असते. डब्याबाहेर आलेला अँटेनाचा नट म्हणजे उघडी फेज. ओल्या हाताने कोणी तो पिळला तर?

म्हणून व्होल्टेज मोजायला छोटे पोटेन्शियल ट्रान्सफॉर्मर वापरा, नाहीतर मोजमापाचा भाग वेगळा ठेवून निरोप ऑप्टोकप्लरमधून (तारेची जोड न ठेवता प्रकाशाने निरोप देणारा भाग) पलीकडे पाठवा. ऑप्टोच्या पोटाखाली पीसीबीत खाच कापून घ्या. लाईनची बाजू आणि अँटेनाची बाजू यांत ८ मिलिमीटर अंतर धरा, त्यात काटकसर नको.

पेस्ट_आणि_पापड
आता सोल्डरिंगकडे येऊ. साध्या स्टार्टरला स्क्रू ड्रायव्हर आणि लग क्रिम्पिंगचा पाना पुरतो. या बोर्डाला सोल्डर पेस्ट, ती पॅडवर लावायचा भोकांचा पत्रा म्हणजे स्टेन्सिल, आणि ती वितळवणारा रिफ्लो ओव्हन लागतो, आणि या तिघांचं हवामानाशी वाकडं आहे. आपल्याकडे हवामान कसं, ते सांगायला नको.

पेस्ट ० ते १० अंशांत ठेवायची. वापरायच्या आधी ४ तास झाकण न उघडता बाहेर. घाई करून थंड डबी उघडली की आत दव धरतं आणि ओव्हनमध्ये ते पाणी उसळून बोर्डभर सोल्डरचे मणी सांडतात. दुकानातला साधा फ्रिज चालतो, पण सुट्टीच्या दिवशी सहा तास लाईट गेली तर सोमवारी कोणाला कळणार? फ्रिजमध्ये डीएस१८बी२० सेन्सर, बाहेर एक ईएसपी३२ आणि तापमान १० च्या वर गेलं की मोबाईलवर निरोप. शेडमधलं पहिलं स्मार्ट यंत्र हेच असावं. महागड्या सॉफ्टवेअरच्या नादी नंतर लागा.

स्टेन्सिल स्टीलचा, जाडी ०.१२ मिमी. स्क्वीजी (पेस्ट ओढायचं पातं) ६० अंशांत, एका दमात. ईएसपी३२ मॉड्यूलच्या पोटाखाली मोठा ग्राउंड पॅड असतो. तिथे स्टेन्सिलला एकच चौकोनी भोक ठेवलं तर वितळलेल्या सोल्डरवर मॉड्यूल होडीसारखं तरंगतं आणि कडेच्या पायांपैकी काही उघडे राहतात. त्या पॅडला नऊ लहान खिडक्या करा.

शिसेविरहित एसएसी३०५ पेस्ट २१७ अंशांना वितळू लागते. चढ सेकंदाला १ ते ३ अंश, १५० ते २०० मध्ये दीड मिनिट, २१७ च्या वर ४५ ते ९० सेकंद, शिखर २४० च्या आसपास. हे आकडे ओव्हनच्या पडद्यावरचे धरू नका. के-टाइप थर्मोकपल मॉड्यूलच्या ग्राउंड पॅडजवळ चिकटवून मोजलेले धरा. पडदा २४५ दाखवतो तेव्हा जड मॉड्यूलखाली २२० सुद्धा झालेलं नसतं, हे नेहमीचंच.

आणि ओलावा. वायफाय मॉड्यूल एमएसएल ३ (ओलाव्याला किती नाजूक ते सांगणाऱ्या) वर्गातलं असतं. पिशवी फोडल्यापासून १६८ तासांत रिफ्लो व्हायला हवं, तेही हवा ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेच्या आत असेल तर. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ३० अंश? दिवसा तरी नाही. आणि जुलैत आर्द्रता ६० च्या वर. दोन्ही ऋतूंत ती १६८ तासांची मुदत कागदावरच राहते. ओलावा धरलेलं मॉड्यूल ओव्हनमध्ये ज्वारीच्या लाहीसारखं आतून फुटतं. बाहेरून काही दिसत नाही, आठ-पंधरा दिवसांनी शेतात बंद पडतं. उरलेलं रील सिलिका जेल आणि आर्द्रतेच्या कार्डासकट लगेच सीलबंद करा. भाजून वाळवायचं तर ट्रेमधले भाग १२५ अंशांत चालतात. प्लास्टिकचं रील त्या तापमानाला वाकडं होतं, ते ४० अंशांत कोरड्या हवेत कित्येक दिवस ठेवावं लागतं. म्हणून एक खोली तरी बंद आणि एसीची करा. सगळ्या शेडला एसी लागत नाही.

भरीताचं_वांगं
एवढा सगळा घोळ ५०० नगांसाठी? माझं मत सरळ आहे: पिक अँड प्लेस घेऊ नका.

हिशेब मांडतो. एका पीसीबी पॅनलवर (बोर्ड जोडून बनवलेल्या मोठ्या पाटीवर) ४ बोर्ड धरले तर १२५ पॅनल. टेबलावरच्या ड्रॉवर ओव्हनमध्ये एका वेळी एक पॅनल, गार होण्यासकट ८ मिनिटं, म्हणजे १००० मिनिटं, जवळपास १७ तास. दोन दिवस नुसता ओव्हन. बोर्डावर १२० भाग असतील तर ६०,००० भाग बसवायचे, हाताने चिमट्याने ते शक्यच नाही. मशीन घेतलं तर ते महिन्यातले तीन दिवस चालणार आणि उरलेले दिवस धूळ खाणार. नाशिक, पुणे, संभाजीनगरला जॉबवर्क करणारे आहेत. रिले, टर्मिनल, ट्रान्सफॉर्मर असे पायवाले भाग, प्रोग्रॅम, चाचणी आणि कोटिंग तेवढं आपल्याकडे ठेवा.

जॉबवर्कला माल देताना मोजून ५०० नग देऊ नका. फीडरला टेपचं टोक लागतं, मशीन काही भाग टाकून देतं. रेझिस्टर-कॅपॅसिटर ५ टक्के किंवा १०० नग, जे जास्त ते जादा द्या. मॉड्यूल २ टक्के जादा. कापून आणलेल्या टेपचे तुकडे देऊ नका, रीलच द्या. गर्बर फाइलसोबत (पीसीबीचा नकाशा) भागांच्या जागांची फाइल आणि डायोड-टँटलमची दिशा दाखवणारा फोटो. फोटो नसला की पहिल्या लॉटला पाचशेच्या पाचशे एलईडी उलटे आलेच समजा.

पॅनल मोडण्याबद्दलही एक सांगतो. व्ही-कटच्या (बोर्ड सुटे मोडायच्या खाचेच्या) ५ मिमीच्या आत सिरॅमिक कॅपॅसिटर नको. ठेवावाच लागला तर कटाच्या रेषेला समांतर, आडवा नको. हाताने मोडताना त्याला केसाएवढा तडा जातो, मीटरवर ठीक दिसतो आणि पावसाळ्यात शॉर्ट होतो. मोडायला फिरत्या चाकाचं कटर घ्या, गुडघ्यावर ठेवून मोडू नका. हसू नका, मोडतात लोक.

फिरता_फेज
वांगं, हिशेब पटला. म्हणजे सोल्डरिंग बाहेर आणि चाचणी घरी. पण दिव्यावर तपासणाऱ्या मुलांना या बोर्डाची चाचणी जमेल अशी कशी करायची? आणि प्रोग्रॅम नगागणिक कसा भरायचा?

पोगोपिन
खरी कसोटी हीच आहे. साधा स्टार्टर जोडून झाला की तयार असतो. हा बोर्ड सोल्डर झाला तरी अर्धाच असतो. प्रोग्रॅम, अनुक्रमांक, गुप्त किल्ली आणि कॅलिब्रेशनचे आकडे आत गेले की मग तो पूर्ण. त्या पाचशेतले कुठलेही दोन नग आतून सारखे नसतात.

जिग, म्हणजे बोर्ड दाबून तपासायचा साचा, असा करा. १० मिमी ॲक्रिलिकच्या दोन पाट्या, वरून दाबणारा टॉगल क्लॅम्प, पी७५ जातीच्या स्प्रिंगच्या पिना. बोर्डावर टेस्ट पॅड डिझाइनच्या वेळीच ठेवा: ५ व्होल्ट, ३.३ व्होल्ट, ग्राउंड, टीएक्स, आरएक्स, ईएन, जीपीआयओ० (या चार प्रोग्रॅम भरायच्या पिना), रिलेच्या दोन ड्राइव्ह. पॅड दीड मिमीचे, सगळे एकाच बाजूला. खाली जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय, आणि मुलांसमोर फक्त हिरवा-लाल दिवा.

क्रम चुकवू नका. आधी बिनविजेचा रेझिस्टन्स, ३.३ आणि ग्राउंडमध्ये शॉर्ट आहे का ते. मग २०० मिलिअँपिअरची मर्यादा लावून ५ व्होल्ट. कोऱ्या बोर्डाने ती मर्यादा गाठली तर लगेच लाल. मग मर्यादा ८०० ला नेऊन प्रोग्रॅम, कारण वायफाय बोलतं तेव्हा एकटा ईएसपी३२ २४० पर्यंत ओढतो. ९२१६०० बॉडवर एक एमबीचा प्रोग्रॅम दहा-बारा सेकंदांत जातो. त्यानंतर रिले, सीटी, व्होल्टेज, सिग्नल. शेवटी लेबल.

लेबल शेवटीच. क्यूआर लेबलांचा रोल आधी छापून ठेवला आणि मध्ये एक नग नापास झाला, की पुढची सगळी लेबलं एका घराने सरकतात. मग रावेरच्या शेतकऱ्याच्या मोबाईलवर शिरपूरची मोटार दिसते. चिपमधला मॅक क्रमांक (प्रत्येक चिपचा आपला वेगळा क्रमांक) वाचा, पास झाल्यावर त्याच क्रमांकाचं एकच लेबल छापा, तिथल्या तिथे चिकटवा.

आता दोन खोड्या. ईएसपी३२ चा जीपीआयओ१२ चालू होताना वर ओढलेला असेल तर चिप फ्लॅशला १.८ व्होल्ट देते आणि बोर्ड उठतच नाही. तिथे रिले किंवा पुलअप लावू नका. दुसरी खोडी जास्त लबाड आहे. सीटी एडीसी२ च्या (व्होल्टेज वाचणाऱ्या पिनांच्या दुसऱ्या संचाच्या) पिनेवर लावला तर टेबलावर प्रवाह अचूक मोजला जातो. वायफाय सुरू झालं की एडीसी२ वाचता येत नाही. चाचणीचा प्रोग्रॅम वायफायशिवाय लिहिलेला असेल तर पाचशे नग हिरवे होतात आणि पाचशेही परत येतात. सीटी एडीसी१ वर, म्हणजे जीपीआयओ३२ ते ३९ वर लावा, आणि चाचणी वायफाय चालू ठेवूनच करा.

पेस्ट_आणि_पापड
सीटीबद्दल जोडतो. बर्डन रेझिस्टर (सीटीच्या टोकांवरचा भार) बोर्डावर असेल आणि मोटार चालू असताना कोणी सीटीचा प्लग काढला, तर उघड्या सेकंडरीवर मोठं व्होल्टेज चढतं. आत बर्डन असलेला सीटी घ्या किंवा सीटीच्या टोकांवरच एक टीव्हीएस डायोड (जादा व्होल्टेज अडवणारा) टाका.

असोद्याचा_भो
४जीबद्दल. नुसतं २जीचं मॉड्यूल आता घेऊ नका. जिओला २जी नाहीच, म्हणजे अर्धे शेतकरी सिम घालून "चालत नाही" म्हणून परत येतील. कॅट-१ (कमी वेगाचं) ४जी घ्या. पण २जीचं मॉड्यूल काढून तिथेच ४जी चिकटवलं असं होत नाही. बऱ्याच कॅट-१ मॉड्यूलच्या सिरियल पिना १.८ व्होल्टच्या असतात आणि ईएसपी३२ ३.३ चा. मध्ये लेव्हल शिफ्टर लागतो. तारा सरळ जोडल्या तरी काही आठवडे चालतं, तीच तर गोम. मग एकेक पिन मरत जाते.

मॉड्यूलला ३.८ व्होल्ट द्या. त्यात २जीची सोय असेल तर २ अँपिअरचे झटके धरूनच डिझाइन करा. पिनेला लागून कमी ईएसआरचा (आतला रोध कमी असलेला) ४७० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर, ट्रॅक रुंद. ही ३.८ ची लाईन ३.४ च्या खाली बुडाली की मॉड्यूल रीसेट होतं. एमआयडीसीत टॉवर जवळ, मॉड्यूल हळू आवाजात बोलतं, सगळं नीट. सातपुड्याच्या पायथ्याला सिग्नल अशक्त, तिथे ते पूर्ण ताकदीने ओरडतं आणि बुडतं. म्हणजे बिघाड शेडमध्ये कधीच दिसणार नाही. जिगवर २ अँपिअरचा अर्ध्या मिलिसेकंदाचा भार टाकून ऑसिलोस्कोपवर खळगा मोजा.

सिम डब्यातल्या खाचेत घालायचं तर कॉन्टॅक्टरच्या दर ठोक्याला ते हलतं. बोर्डावर सोल्डर होणारं एमएफएफ२ सिम बरं. एम२एम (यंत्रांसाठीच्या) सिमचा नंबर १३ आकडी असतो, ॲपमध्ये नंबरासाठी १० च खाने ठेवू नका.

पोगोपिन
आणि अँटेना. सीआरसीए (पोलादी) पत्र्याच्या डब्यात ईएसपी३२ ची पीसीबी अँटेना म्हणजे रांजणात तोंड घालून हाक मारणं. बाहेरच्या अँटेनाचं मॉड्यूल घ्या. यू.एफ.एल कनेक्टर (अँटेनाच्या केबलचा छोटा जोड) साधारण ३० वेळा काढघाल झाली की सैल होतो, म्हणून जिगवरची ती केबल रोज सकाळी बदला. नाहीतर दुपारनंतर चांगले बोर्ड सिग्नलला नापास व्हायला लागतात आणि पोरं बोर्डालाच दोष देत बसतात.

रोहित्र
डब्यात बसल्यावरच्या दोन गोष्टी, ज्या प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला कोणी सांगत नाही.

लाईट आली की त्या डीपीवरचे सगळे ऑटो स्टार्टर एकाच क्षणी मोटार उचलतात. व्होल्टेज कोसळतं, अर्धे ट्रिप होतात, फ्यूज उडतो. प्रत्येक नगाला ३० ते ३०० सेकंदांतला वेगवेगळा उशीर द्या. तो मॅक क्रमांकावरून काढा म्हणजे प्रत्येकाचा ठरलेला राहतो. हाच उशीर सर्व्हरला जोडतानाही वापरा. फीडर चालू झाला की हजार नग एकदम सर्व्हरचं दार ठोठावतात, तिथेही तेच ट्रिपिंग.

दुसरं: डब्यावर लोकल-बंद-मोबाईल असा तीन जागांचा सिलेक्टर, आणि त्याने कॉन्टॅक्टरच्या कॉइलची तार खरोखर तुटली पाहिजे. प्रोग्रॅमला नुसती सूचना देणारं बटण चालणार नाही. पाइप वर काढून माणूस विहिरीवर वाकलेला असताना घरून कोणी बटण दाबलं, तर ॲपमधला इशारा काय कामाचा? ओव्हरलोड रिलेही तारेतच राहू द्या, त्याचं काम सॉफ्टवेअरला देऊ नका.

कॉइलवर आरसी स्नबर (कॉइल बंद होताना उठणारा झटका पिणारी रेझिस्टर-कॅपॅसिटरची जोडी) विसरू नका, १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड. ४१५ च्या कॉइलला नेहमीचा ३१० व्होल्टचा एक्स२ कॅपॅसिटर पुरत नाही, ४४० चा एक्स१ घ्या. स्नबर नसेल तर मोटार बंद होताना ईएसपी३२ रीसेट होतो, आणि रीसेट झाल्यावर ऑटो मोडमध्ये मोटार पुन्हा चालू करतो. शेतकरी म्हणतो, "बंदच होत नाही."

भरीताचं_वांगं
डबा उन्हात. बाहेर ४५, आत ७० सहज. १०५ अंश २००० तासांचा कॅपॅसिटर, त्याच्या स्वतःच्या उबेसकट ७५ ला चालला, तर दर १० अंशांना आयुष्य दुप्पट या हिशेबाने १६,००० तास, म्हणजे अखंड २२ महिने. वॉरंटी दोन वर्षांची देणार असाल तर मोजा काय ते. ५००० तासांचा घेतला तर साडेचार वर्षं. किमतीतला फरक चहाच्या कपाएवढाही नाही.

कोटिंग ॲक्रिलिकचं, अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली चमकणारं घ्या म्हणजे सुटलेली जागा दिसते. रिले, सिलेक्टर, सिम, कनेक्टर आधी टेपने झाका. केबल ग्लँडची भोकं बुजवा, कारण पाल आणि मुंग्या कोटिंग वाचत नाहीत.

फिरता_फेज
शेवटची शंका. नग शेतात गेल्यावर प्रोग्रॅम सुधारायचा तर? आणि पासवर्ड?

पोगोपिन
सगळ्या नगांना एकच पासवर्ड दिला, तर एक डबा उघडून वाचणाऱ्याच्या हाती सगळ्या मोटारी येतात. प्रत्येक नगाची किल्ली जिगवरच तयार करा आणि मॅकसोबत वहीत, म्हणजे डेटाबेसमध्ये, नोंदवा. सोबत पीसीबीचा लॉट, पेस्टची डबी, प्रोग्रॅमची आवृत्ती, कॅलिब्रेशनचे आकडे. परत आलेल्या दहा नगांचा लॉट एकच निघाला की कारण अर्धं सापडलेलं असतं. सिक्युअर बूट (फक्त आपल्या किल्लीने सही केलेला प्रोग्रॅम चालू देणं) चालू करणार असाल तर ईफ्यूज (चिपमधली कायमची खूण) एकदाच जळतो. किल्लीची फाइल हरवली तर तो नग पुन्हा कधीच सुधारता येणार नाही, म्हणून दोन प्रती दोन जागी ठेवा.

फ्लॅशचे दोन भाग करा. नवीन प्रोग्रॅम रिकाम्या भागात उतरतो, चालू होऊन सर्व्हरशी बोलला तरच पक्का, नाहीतर जुन्यावर परत. आधी ५ नग, दोन दिवसांनी ५०, मग बाकीचे. मोटार चालू असताना कधीही नाही.

अजून एक, यात बरेच जण अडकतात: लाईट आल्यावर ईएसपी३२ च्या घड्याळात १ जानेवारी १९७० असतं. सर्व्हरचं प्रमाणपत्र त्याला "अजून सुरूच झालेलं नाही" असं वाटतं आणि जोडणी नाकारली जाते. आधी ४जी मॉड्यूलकडून नेटवर्कची वेळ घ्या, मग टीएलएस (सर्व्हरशी सुरक्षित जोडणी) जोडा. जिगवर हे कधी दिसत नाही, कारण तिथे बोर्डाला वेळ लॅपटॉपकडून मिळालेली असते.

फिरता_फेज
म्हणजे जिगमधून वेळ देण्याची ओळ काढायची आणि बोर्ड थंड चालू करूनच सर्व्हरला जोडून बघायचा.

पोगोपिन
हो. आणि दोन फेजांवर, ४१५ लाच. जिगखाली २३० ते ४१५ चा छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर ठेवा, ५० व्हीएचा पुरतो. कव्हर उघडलं की तुटणारा इंटरलॉक स्विच त्याच्या प्रायमरीत टाका.